चार दुकानांत मांडलेला बॉयलर

कॉम्प्युटरचे गेम विकणारी दुकानं इंटरनेटवर असतात, हे पप्पांना समजावताना मी म्हणाले होते, "समजा चार मॉल आहेत. आपण चारही ठिकाणी माल ठेवलाय."

"आणि गिऱ्हाईक कुठे जातं?"

"जवळजवळ सगळं एकाच ठिकाणी."

"मग बाकीच्या तीन ठिकाणी कशाला ठेवलास?"

आनंदनगरच्या कंपनीत बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला जे पाच मिनिटांत कळलं, ते मला कळायला दीड वर्ष लागलं. आणि मी घरातली पहिली पदवीधर. हे मी फार वेळा सांगते असं मैत्रिणी म्हणतात. सांगणारच. फुकट नाही मिळाली पदवी.

आम्ही बनवलेला गेम पप्पांच्या कामावर होता. एक शिफ्ट, एक बॉयलर, आणि तो फुटू द्यायचा नाही. पाण्याची पातळी खाली गेली की आवाज कसा बदलतो, कुठला वॉल्व्ह आधी उघडायचा, हे सगळं पप्पांनी रविवारी रविवारी शिरगावच्या आमच्या घरात बसून सांगितलं. तोंडाने वाफेचे आवाज काढून दाखवले. म्हणून मी एकच अट धरली होती, की गेमचा भाव पडू द्यायचा नाही. सेलमध्येसुद्धा नाही. त्या माणसाच्या कामाची चिंधी होताना मला बघायची नव्हती.

माझा भागीदार कॉलेजातला. उल्हासनगरचा, सिंधी, घरचा जीन्सचा धंदा. चित्रं तो काढायचा, बाकी मी. हात सोन्याचा. पण विक्रीचं डोकं थेट दुकानातून आलेलं. चारही ठिकाणी माल टाकायचा, ही कल्पना त्याचीच. "अगं, जितनी दुकान उतना गल्ला," म्हणायचा.

तर ऐका चार दुकानांची कथा. पहिलं सगळ्यात मोठं. कमाईतला मोठा लचका तोडतं, पण माणसं तिथेच असतात. दुसरं आपला वाटा अगदी कमी घेतं. फार उदार. पण तिथे लोक येतात ते दर आठवड्याला फुकट मिळणारा गेम उचलायला. फुकटचा घेतला की चालू पडायचं, शेजारच्या फळीकडे मान वळवून बघायचं नाही. लग्नात न बोलावता जेवून जाणारी माणसं बरी, ती निदान अक्षता तरी टाकतात. तिसऱ्या दुकानात गेमला कुलूप नसतं, एकदा घेतला की तुमचा. तिथलं गिऱ्हाईक जुन्या गेमच्या आठवणी काढत बसलेलं, नव्याकडे ढुंकून पाहत नाही. चौथं छोटं, आमच्यासारख्या घरगुती लोकांचं. तिथे घेणारे अगदी मोजके, पण त्यातल्या काहींनी मागितल्यापेक्षा जास्त दिले, पत्रं लिहिली. एकाने विचारलं, हा बॉयलर खरा आहे का? तेवढंच एक उत्तर लिहिताना मला बरं वाटलं.

आणि मोठ्या दुकानाचं काय सांगू. दोन तासांच्या आत गेम परत केला तर पैसे परत, असा त्यांचा नियम. आमची शिफ्ट संपायला तेवढाही वेळ लागायचा नाही. लोक बॉयलर वाचवायचे, शिफ्ट संपवायचे आणि गेम परत. एकाने वर लिहिलं, 'छान होता.' छान होता, आणि परत! ताट चाटूनपुसून वेटरच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, बिल कसलं?

तरी मोठ्या दुकानातली विक्री हळूहळू वर जात होती. मग अचानक बसली. मी भाव बघत बसले, जाहिरातीचा मजकूर बदलला, काही कळेना. कळलं ते पप्पांकडून. कामावरून आले, चपला न काढता दारातच म्हणाले, "आमच्या ऑपरेटरने तुझा गेम घेतला. वडापावच्या भावात. हसत होता."

हा ऑपरेटर बदलापूर गावातला, पप्पांच्याच बॉयलरवर. गेम आपल्या कामावर आहे ऐकून त्याने हौसेने शोधला होता. सापडला तो एका पाचव्याच ठिकाणी, जिथे आम्ही माल ठेवलेलाच नव्हता. तिथे नुसते कोड विकतात. कोड मोठ्या दुकानात टाकला की गेम उघडतो.

हे कोड मोठं दुकान गेम बनवणाऱ्यांना फुकट देतं, परीक्षण लिहिणाऱ्यांना वाटायला. आमचे भागीदाराकडे असायचे. मी त्याला फोन केला.

"लॉट काढला ग," तो शांतपणे म्हणाला. "व्यापारी होता एक. उचलला सगळा."

"किती?"

"अगं, पडून राहण्यापेक्षा बरं ना. आमच्याकडे सेकंडचा माल असाच काढतात, लेबल काढून."

"सेकंडचा? आपला गेम सेकंडचा माल आहे?"

"तू ना, यार, लगेच इमोशनल होतेस. चार पैसे आले, तुझे अर्धे देतो."

त्याची लबाडी नव्हती, हेच जास्त वाईट. त्याला मनापासून वाटत होतं की धंदा असाच करतात. जीन्सचा गठ्ठा एकदा गेला की गेला, तो उद्या तुमच्याच दुकानासमोर निम्म्या भावात येऊन बसत नाही, एवढाच फरक त्याने धरला नव्हता.

मी म्हणाले, न वापरलेले कोड बंद करते.

तेव्हा मात्र तो ओरडला. "पागल झालीस का? मी जबान दिलीय त्याला! बाजारात आमच्या घराचं नाव आहे!"

"आणि माझ्या घराचं?"

फोन ठेवला. मोठ्या दुकानाला लिहून उरलेले सगळे कोड मारून टाकले. त्या आठवड्यात मला फार ताठ वाटलं. भाव वाचवला म्हणून पोळीवर तूपसुद्धा जास्त घेतलं असेल मी.

सोमवारी पप्पा कामावरून आले. जेवताना म्हणाले, "त्या ऑपरेटरने कोड रविवारसाठी ठेवला होता. टाकला तर बंद. सगळ्या शिफ्टसमोर मला म्हणाला, काका, तुमची पोरगी फसवते काय?"

"पप्पा, त्याने चोरबाजारातून घेतला. मी काय करू? पूर्ण भावाने घ्यायचा होता."

"त्याला काय माहीत चोरबाजार? त्याने पैसे मोजले. नाव तुझं होतं वर."

व्यापारी सुटला, भागीदार सुटला, कोड विकणारं दुकान तर अजून चालूच आहे. मी बरोबर वागले आणि तडाखा बसला तो ज्याला बॉयलर खरोखर कळतो त्या एकट्या गिऱ्हाइकाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानात आमची एक प्रत गेली. पूर्ण भावात. बऱ्याच दिवसांनी. मी खूश होऊन पप्पांना सांगायला गेले, तर ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "माहितीये. मीच दिले त्याला पैसे."

त्यातला लचका दुकान तोडणार होतं. उरेल त्यातला निम्मा वाटा, कागदावर अजून तरी, भागीदाराचा होता.