पहिला नकार

लग्न ठरल्याची बातमी कुणी आणली की मुलगा काय करतो, कुठला आहे, घरी कोण कोण, यातलं काहीच टीचर विचारायच्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न टाकायच्या, "आधी नकार कुणी दिला होता?" कुणीच दिला नव्हता असं कळलं की त्यांचा त्या लग्नातला रस संपायचा. पेढा घ्यायच्या, "छान झालं" म्हणायच्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागायच्या.

त्या मूळच्या वसईच्या. तिथल्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेलं, म्हणून सिडनीतही सगळ्यांच्या टीचरच. भावाची बायको लवकर गेली तेव्हा त्याची मुलं सांभाळायला त्या इकडे आल्या. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, पाठोपाठ भाऊही मुलाकडे राहायला गेला, आणि वेस्टमीडच्या त्या विटांच्या घरात टीचर एकट्या उरल्या. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं." दोरीवरचे कपडे आत आणायचे राहून गेले, अशा सुरात.

मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले, कारण मी काम करायचे ती हॉस्पिटलची लॅब तिथून चालत जाण्यासारखी होती. मी कराडची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आई ब्लाउज शिवायची, आणि आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही गोतावळ्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, विचारलं नसलं तरी. टीचरनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून त्या मला 'ग्रॅज्युएट' म्हणायला लागल्या. "ग्रॅज्युएट, गॅस बंद कर." "ग्रॅज्युएट, कचऱ्याची बिन बाहेर ठेवलीस का?" त्यांच्या तोंडी ते झोंबायचं नाही.

पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, माझे इंग्रजीचे मार्क कमी पडत होते, बोलण्यात. टीचर म्हणाल्या, क्लास कशाला लावतेस, मी शिकवते. त्यांची शिकवण्याची रीत म्हणजे एकच पुस्तक. कुठली तरी दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी, पाठीला सेलोटेप लावलेली, पानं चहाच्या रंगाची. तिच्यात लग्नाच्या वयाच्या मुली, त्यांच्या जिवाला घोर लागलेल्या आया, नाच, भेटीगाठी आणि चहावर चहा. एक श्रीमंत, अकडू माणूस एका साध्या घरच्या मुलीला मागणी घालतो, तीही उपकार केल्यासारखी. मुलगी तोंडावर नाही म्हणते. मग तो माणूस पुष्कळ पानं विचार करतो, सुधारतो, परत येऊन नीट विचारतो, आणि ती हो म्हणते. रोज अर्धा तास मी हे मोठ्याने वाचायचं आणि टीचरनी उच्चार दुरुस्त करायचे.

मला त्या मंडळींचा भयंकर राग यायचा. मनात एक, तोंडात दुसरं, आणि तिसरंच काहीतरी शेजारणीला सांगायचं. एकदा मी पुस्तक मिटूनच म्हटलं, "टीचर, हे दोघं पहिल्या नाचातच सरळ बोलले असते तर पुस्तक चाळीस पानांत संपलं असतं."

"म्हणून तर तू रक्त तपासतेस," त्या म्हणाल्या. "वाच पुढे."

पण एक मान्य करते. त्या पहिल्या नकाराचं टीचरना जे कौतुक होतं, त्यात तथ्य होतं. "आपल्याकडे मुलीला तुझा होकार आहे ना असं विचारतात, तेव्हा हॉल बुक झालेला असतो," त्या म्हणायच्या. "नाही म्हणायला मिळालं तर हो म्हणण्याला अर्थ." त्या काळात घरचे मला व्हिडिओ कॉलवर स्थळं दाखवत होते. ऑस्ट्रेलियातल्याच डँडेनॉन्गचा एक इंजिनियर होता. त्याच्या आईने पुण्याहून कॉलमध्ये डोकावून विचारलं, जॉब चालेल आम्हाला, पण दोन्ही वेळचं गरम जेवण जमेल ना. टीचर कॅमेऱ्याबाहेर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही जमणार. तेवढं म्हणताना माझा आवाज जराही कापला नाही, आणि ती टीचरची शिकवण होती.

म्हणून तर पुढचं जास्त मनाला लागतं.

आल्बर्टकाका वसईचेच. विधुर, रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, मुलगी अॅडलेडला. दर शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, यायचे. येताना कधी शेवग्याच्या शेंगा, कधी कढीपत्ता, आणि आल्यावर आपल्या परसातल्या केळीची तक्रार. वसईहून आलेल्या माणसाला केळ लावल्याशिवाय चैन नसतं. सिडनीच्या थंडीत घड यायचा, पण गोडी धरायचा नाही. "दिसायला बरोबर आहे," काका म्हणायचे, "पण चव ऑस्ट्रेलियन." टीचर मोठ्याने हसायच्या. एरवी त्या मोठ्याने हसत नसत.

टीचरच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाला, तेव्हा हॉस्पिटलला नेणं-आणणं काकांनीच घेतलं. इंजेक्शन झालं की त्यांना धरून गाडीपर्यंत न्यायचं, घरी सोडायचं, डोळ्यांत थेंब टाकून जायचं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, नजर हळूहळू कमीच होत जाणार, कुणीतरी सोबत हवं. आणि सोबत तर समोरच उभी होती, हातात शेवग्याच्या शेंगा घेऊन.

एका दुपारी टीचर हॉस्पिटलमधून आल्या त्या चेहऱ्यावर नुसतं ऊन पडल्यासारख्या. एक डोळा पॅडखाली, दुसरा चमकतोय.

"आल्बर्टनी मला लग्नाचं विचारलं," त्या म्हणाल्या. "कार पार्कमध्ये."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टीचर, हे सारखं येणं-जाणं करण्यापेक्षा एकत्रच राहू या का, लग्न करून. या वयात तुम्हालाही कोणी मिळणार नाही, मलाही नाही. आणि पार्किंगचीही कटकट वाचेल."

मला हसू आवरेना. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. सरळ. असं विचारतात का कुणी?"

"मग तोंड एवढं खुललंय कशाने?"

टीचरनी वर्गातल्या ढ मुलीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "अगं, पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. आता ते घरी जातील, विचार करतील, आपण काय बोललो ते त्यांना कळेल. मग नीट विचारायला येतील."

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी चर्चमध्ये दहाच्या मिस्साला दोघं नेहमी असायचे. काका आठच्या मिस्साला जायला लागले. टीचरना हे समजलं तेव्हा त्या खूश झाल्या. "विचार करतायत," म्हणाल्या. डोळ्याच्या इंजेक्शनला मी शिफ्ट बदलून त्यांना न्यायला लागले.

शेवटी मीच काकांना स्टेशनवर गाठलं. म्हटलं, काका, परत विचारा त्यांना.

"नाही गं," काका म्हणाले. "टीचर शिकलेल्या बाई. विचार करूनच नाही म्हणाल्या असतील. एकदा नकार आला की पुन्हा त्या दारात उभं राहायचं नसतं. बाईमाणसाला अवघड होतं. म्हणून तर मी मिस्सासुद्धा बदलला."

"त्यांना हो म्हणायचंय, काका."

"तसं त्या तुला म्हणाल्या?"

"तुम्ही परत याल असं म्हणाल्या."

"ते शेंगा घेऊन येण्याबद्दल म्हणाल्या असतील," काका म्हणाले. "सवय असते माणसाला. हो म्हणायचंय, असं म्हणाल्या का?"

तेवढं टीचर कधीच म्हणाल्या नव्हत्या, आणि खोटं मला बोलवेना. काकांनी मान हलवली. "मग राहू दे, बाळा. त्यांचा मान राहिला पाहिजे."

घरी येऊन मी टीचरसमोर पिशवी आपटली. म्हटलं, तुम्ही एक फोन करा. फोन नको, नुसतं थम्सअप पाठवा, ते धावत येतील. त्या म्हणाल्या, "मी बोलवून घ्यायचं? मग त्या विचारण्याला किंमत काय?" म्हटलं, टीचर, काकांनी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, "माणसाला आतून कळतं, ग्रॅज्युएट. वाचावं लागत नाही."

दोघांत वाईट कोणीच नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. एक बाई इंग्रजांच्या रीतीने वाट बघत होती आणि एक माणूस आपल्या रीतीने बाजूला झाला होता. दोघंही सभ्य. आमच्या वर्कशॉपच्या चाळीत एव्हाना कुणीतरी ओरडून सांगितलं असतं आणि लग्न लागलं असतं.

काकांनी घर विकलं. मुलगी अॅडलेडला मॉसन लेक्समध्ये राहायची, तिच्याकडे कायमचे निघाले. जायच्या आधी निरोप घ्यायला आले, एका शनिवारीच. हातात केळ्यांची अख्खी फणी. टीचरनी माझ्याकडे बघितलं, बघ, म्हणाले नव्हते का मी, अशा नजरेने, आणि केस सारखे केले. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि चहा मुद्दाम मंद गॅसवर ठेवला.



"या वेळची गोड आहेत," काकांचा आवाज आला. "पण अजून दोन दिवस ठेवा."

"आलात, बरं केलंत," टीचर म्हणाल्या.

"डोळ्यांची काळजी घ्या."

"तुम्हीही."

मी ट्रे घेऊन धावत बाहेर आले तेव्हा गाडी वळत होती. टीचर दारात उभ्या होत्या, फणी छातीशी धरून, बाळ धरावं तशी.

"पाहिलंस," त्या म्हणाल्या. "आले ना परत."

चहा दोघींनी घेतला.

पुढे मला अॅडलेडच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली, मीही मॉसन लेक्सला आले. तिथे युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या एकाने मला बस स्टॉपवर लग्नाचं विचारलं आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं. टीचरना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलंच, "आधी नकार कुणी दिला?"

"कुणीच नाही."

"मग त्यात गोष्ट कसली," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस."

आता त्यांना अक्षरं दिसत नाहीत. भाची सकाळ-संध्याकाळ येऊन जाते. रविवारी मी फोनवरून पुस्तक वाचून दाखवते, त्याच कादंबरीची दुसरी प्रत विकत घेतली आहे. काका इथे दुकानात भेटतात, टीचरच्या डोळ्यांचं विचारतात. त्यांनी परसात केळ लावली आहे, इथल्या कोरड्या हवेत तिची पानं फाटून जातात. हे मी टीचरना सांगितलं.

"लागत नाही तिथे लावतात कशाला?"

"तुम्ही विचारा ना त्यांना. नंबर देते."

त्या म्हणाल्या, "कुठवर आलो होतो आपण?"

आम्ही तो परत येतो तिथवर आलो होतो. मी वाचलं. तो नीट विचारतो, ती हो म्हणते. संपल्यावर टीचर म्हणाल्या, "पुन्हा वाच. तो विचारतो तिथपासून."

मी दात आवळून पुन्हा वाचायला लागले. त्यांनी एकही उच्चार दुरुस्त केला नाही.