अंग ताप विसरलं

आमच्या ह्यांची निम्मी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात गेली, रस्त्यांच्या कामावर. तिथला मलेरिया ह्यांना इतक्यांदा झाला की पुढेपुढे अंग नुसतं कोमट व्हायचं, हे गोळी घ्यायचे नि कामावर जायचे. मग आम्ही नाशिकला आलो ते इथलेच झालो.

यंदा तुळशीचं लग्न उरकलं आणि तिकडच्या जुन्या मुकादमाच्या नातीच्या लग्नाचं बोलावणं आलं. मी ह्यांच्या बॅगेत मच्छरदाणी घातली, ह्यांनी ती काढून पलंगावर टाकली.

"अहो, न्या की! तिचं वजन ते काय?"

"तिकडचे डास मला ओळखतात. तू बोलत बस, माझी गाडी चुकेल."

पंधरा दिवस तिकडे राहून नाशिकरोडला परत उतरले ते कुडकुडतच. रक्त तपासू म्हटलं, तर म्हणे, "ओळखीचा ताप आहे, घाम आला की उतरेल." उतरला, पुन्हा चढला. एका सकाळी मी चहा पुढे केला तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

कप तिथंच ठेवून मी रिक्षा बोलावली हो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय, आत्ता काही सांगता येणार नाही.

माझी भाची रक्ताच्या लॅबमध्ये काम करते. बाहेरच्या बाकावर मी तिला विचारलं, "इतक्यांदा झालेला ताप अंगाला ओळखू येऊ नये?"

"मावशी, रक्तात ‘बी’ नावाच्या पेशी असतात. काही त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवतात, काही त्याची आठवण धरून बसतात. गोवर एकदा झाला की जन्मभर लक्षात राहतो. मलेरियाचा जंतू मात्र वेष बदलत राहतो. काका तिकडे होते तोवर सारखी उजळणी व्हायची. इथं ती थांबली, प्रतिपिंडं ओसरली. पेशी जाग्या होईस्तोवर जंतू पुढे गेला."

अंग विसरलं तर विसरू दे, म्हटलं मनात. माणसानं मला विसरू नये.

आत सोडलं की मी ह्यांच्या कानाशी बोलत बसायचे. सलाईनमधून औषध चालूच होतं. लग्न, थोरलीचं बारसं, जंगलातली आमची पत्र्याची खोली, सगळं पुन्हापुन्हा सांगायचे. हे नुसते पडलेले.

मग एका दुपारी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "अगं, पत्र्याची कुठली? कौलांची होती ती."

पत्र्याचीच होती. पण मी वाद घातला नाही.