तळ, माथा, भिंत, कठडा

आमचा मुकादम एरवी फार बोलत नसे. जिन्यावर मात्र सगळ्यांचे कान त्याच्याकडे लागलेले असायचे.

आम्ही घरसामान हलवणारी माणसं. लिफ्ट नसलेल्या इमारती आमच्याच वाट्याला यायच्या. कपाट जिन्यावरून उतरवताना खरं वजन खालच्या टोकाला येतं. त्या टोकाला जो असेल त्याला आमच्यात दादा म्हणायचे. वयाचा संबंध नाही. खाली गेला की दादा, काम संपलं की पुन्हा आपलं जुनं नाव. "दादा, टेकव." "दादा, थांब." कपाटाआडून एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, म्हणून हाक चुकून चालत नाही. ती लांबलेलीही चालत नाही, कारण हाक देणाऱ्याच्याही खांद्याला पट्टा असतो आणि श्वास त्यालाही जपून वापरावा लागतो.

मुकादमाचे गुडघे तेव्हा गेलेच होते. आमच्यातला लंबू त्याला काका म्हणू लागला होता. "काका, तुम्ही राहू द्या," म्हणायचा आणि त्याच्या बाजूचं ओझं गुपचूप स्वतःकडे ओढून घ्यायचा. मुकादम ते ओढू द्यायचा. त्याला ते हवंही होतं आणि नकोही होतं.

त्या सुमारास एक नवं माणूस कामावर आलं. केस बारीक कापलेले, अंगात ढगळ शर्ट. पाठ न वाकवता गुडघ्यांतून उचलायची सवय आधीपासूनच होती. मुकादमाने दोन खुर्च्या उचलताना पाहिलं आणि सरळ खालच्या टोकाला उभं केलं.

दुपारी चहाला बसलो. लंबूने विचारलं, "ताई, साखर?"

"दादा आहे तो. डोळे तपासून घे," मुकादम म्हणाला.

"दोन्ही नको," नवं माणूस म्हणालं.

"मग म्हणायचं काय?"

"काही म्हटलंच पाहिजे का? साखर द्या. थोडीच."

लंबू हसला आणि साखर दिली. मुकादम हसला नाही. जिन्यावर काय हाक मारायची, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला होता.

त्याने प्रयत्न केले, नाही असं नाही. एकदा म्हणाला, "मंडळी, जरा टेकवा." वरून लंबू म्हणाला, "मुकादम, सत्कार कुणाचा आहे?" मग "अहो" म्हणून पाहिलं. "ही तर तुमची बायको तुम्हाला मारते ती हाक," लंबू म्हणाला. मुकादमाने नाद सोडला. "आता या वयात जीभ कुठे वळवू," असं मला म्हणाला आणि गुडघा चोळत बसला.

त्यानंतर लोखंडी कपाटाचं काम आलं. जिन्याच्या वळणावर मुकादम दमला होता. दमलेल्या तोंडातून जुनंच बाहेर पडलं, "दादा, टेकव." नव्या माणसाला वाटलं, दादा नको म्हणून सांगितलंय, तेव्हा हे दुसऱ्या कुणाला असेल. ते तसंच धरून उभं राहिलं. वर लंबू होता. त्याआधी वर्षभर खालच्या टोकाला तोच असायचा. सवयीने त्याने आपलं टोक टेकवलं. सगळं ओझं खाली सरकलं आणि नव्या माणसाचं बोट कपाट आणि कठड्यामध्ये चेमटलं.

त्या माणसाने आधी कपाट टेकवलं, मग बोट काढलं.

आम्हाला कामावर पाठवणारा मालक म्हणाला, "ज्याला काय हाक मारायची तेच कळत नाही, ते माणूस जिन्यावर नको."

"हाक माझी चुकली," मुकादम म्हणाला.

"मग सुधारा. बोट बरं होईपर्यंत बघतो. नाहीतर मी दुसरं कुणी आणतो."

पुढचं मुकादमाच्या बायकोनेच आम्हाला सांगितलं. घरी गेला आणि चांगला जागेवर असलेला पलंग हलवायला काढला. "तू भिंतीकडे आहेस ना, मग तू भिंत," तिला म्हणाला. "भिंत, उचल."

"इतकी वर्षं 'अगं ऐक' म्हणालात, आता भिंत?"

"भिंत, थांब."

"भिंतीने सकाळपासून चहा घेतलेला नाही," ती म्हणाली. पण पलंग उचलला. रोज उचलायची. पलंग या भिंतीकडून त्या भिंतीकडे आणि परत.

बोटाला पट्टी बांधून नवं माणूस आलं, तेव्हा समोर तिजोरी होती. मुकादमाने सांगितलं, "खालचं ते तळ, वरचं माथा. बाजूला भिंत आणि कठडा. जो जिथे उभा, ते त्याचं नाव. नातीगोती चहाच्या वेळी."

"चहाच्या वेळीही नको," नवं माणूस म्हणालं.

"बरं. तेव्हाही नको."

मालक खाली उभा राहून बघत होता. वळणावर मुकादमाच्या तोंडून "दा" निघालं. त्याने ते गिळलं. तिजोरी तेवढा वेळ आमच्या हातांवर होती. जड होती. मग आलं, "तळ, टेकव." तळाने टेकवलं. माथ्याला लंबू होता, तो हलला नाही. तिजोरी खाली पोचल्यावर मालक एवढंच म्हणाला, "उद्या चौघेही या."

हाका रुळल्या. पुढे मुकादमाचा श्वास पुरेनासा झाला, तेव्हा तळाकडूनच हाका येऊ लागल्या. मुकादम बाजूला असायचा, कठड्याला. एका कामात शेवटचा जिना राहिला होता. लंबू सवयीने म्हणाला, "काका, तुम्ही राहू..."

"कठडा, उचल," खालून हाक आली.

त्याने उचललं. त्याच्या वाट्याचं सगळं, काही न सोडता. खाली पोचल्यावर तो पायरीवर बसला. तोंड पांढरं पडलं होतं. लंबूने नव्या माणसाकडे रागाने पाहिलं.

नव्या माणसाने बाटली पुढे केली. "पाणी?"

मुकादम प्यायला. बाटली परत देताना लंबूला म्हणाला, "बरोबर हाक होती ती." मग कठडा धरून उठला. गाडीत अजून पलंग भरायचा होता.