बारामतीचा हात

कारखान्यात मी कायम झालो, त्याच आठवड्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उरलेली मेंढरं विकून टाकली. जन्मभर मेंढरांमागं वणवण केलेला माणूस लासुर्ण्याच्या जमिनीवर एका जागी बसला, तो माझ्या पगाराच्या भरवशावर. आणि नव्वद सालानंतर कधीतरी मी तीच नोकरी सोडली. सणसरच्या फाट्यावर गाळा घेऊन जळलेल्या मोटरी भरायचं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचं दुकान टाकलं. आबा एवढंच म्हणाले, "मेंढरं असती तर मी बी निघून गेलो असतो."

पिकतं तिथं विकत नाही. ओळखीची माणसं दुकानात यायची, चहा प्यायची, विजेला शिव्या द्यायची आणि मोटर मात्र बारामतीला न्यायची. ज्या दुकानदारानं मला हे काम शिकवलं, तो बारामतीचाच. उन्हाळ्यात त्याच्याकडं ढीग लागला की जादा मोटरी तो गुपचूप माझ्याकडं पाठवायचा. अट एकच, गिऱ्हाइकाला कळता कामा नये. त्यावरच मी तग धरला. सणसरची मोटर बारामतीला जायची आणि सणसरलाच भरली जायची. मला हसू यायचं.

एका वैशाखात त्या ढिगातून आमचीच मोटर निघाली. मेंढरांच्या पाठीवर ओढायचे तशीच निळी खूण आबांनी तिच्यावर ओढली होती. जीपमध्ये घालून, माझ्या दुकानावरूनच, ते तिला पुढं घेऊन गेले होते. त्या दिवशी हसू आलं नाही, रडू आलं. तरी ती मोटर मी भरली. तेवढ्या निगुतीनं दुसरी कुठलीच भरली नसेल.

मोटर विहिरीवर बसली आणि आबा भेटेल त्याला सांगत सुटले, "आवाज न्हाय का तापणं न्हाय. बारामतीचा हात हाय त्यो!" बायको मला खुणावत होती, सांगून टाका म्हणून. मी गप्प बसलो. दुकानदाराला शब्द दिला होता, हे एक. आणि चुकून का होईना, आबांच्या तोंडून माझं कौतुक होत होतं, ते मोडायचं जिवावर आलं. म्हटलं, दुकान नीट चालू दे, मग सांगू.

दुकान चाललं, पण फार सावकाश. काटेवाडीकडची गिऱ्हाइकं यायला लागली, तोवर आबांनी अंथरूण धरलं होतं. एका सकाळी आज सांगायचंच असं ठरवून मी उशाशी बसलो, तर त्यांनीच माझा हात हातात घेतला.

"लई झिजलास रं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत धंद्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. "राग न्हाय माझा. पर आपली मोटर ज्यानं भरली, त्येच्या हाताखाली चार दिस ऱ्हा. तुझा बी हात सुधारंल. मी सांगितलंय म्हणावं त्येला."

मी माझा हात त्यांच्या हातातच राहू दिला.

"व्हय आबा, जातो," म्हणालो.

त्याच आठवड्यात ते गेले. पोरगा आता तरी काम शिकेल, या समाधानात गेले.