आबांनी शिकवलेलं चालणं

कुस्ती आणि नाटक या दोन गोष्टींवर मत नसलेला माणूस आमच्या कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि ते मत मनातच ठेवणारा तर मुळीच नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या हौशी मंडळाने एक नाट्यमहोत्सव जाहीर केला. एका संध्याकाळी जुनं संगीत नाटक आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यावरून सुचलेलं नवं. झालं, पानपट्टीपासून रंकाळ्याच्या कठड्यापर्यंत सगळे भांडायला मोकळे झाले. आमच्या घरात तर त्याआधीच पेटलं होतं.

माझे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. या जुन्या नाटकाची नायिका त्यांनी गावोगाव गाजवलेली. नवरा लढाईवर निघतो, ती दारापर्यंत येते आणि निरोपाचं पद म्हणते. त्या पदाला वन्समोअर मिळाला नाही असा प्रयोगच झाला नाही, असं ते सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो, कारण दुसरा इलाज नव्हता. नव्या नाटकात नायिका तीच, पण नवरा कित्येक वर्षांनी परत येतो आणि आता दाराबाहेर पडते ती. पेटीवर जुन्या पदाचे सूर सुरू होतात, ती गायला तोंड उघडते, मिटते आणि मुकाट्याने रंगमंच ओलांडून निघून जाते. ही नायिका मी करणार होते. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि हट्टाच्या बाबतीत थेट बापावर गेले होते.

"गाण्याबिगर नाटक म्हंजे मिठाबिगर रस्सा," आबा म्हणाले. "येतो मी. पर न्हाय पटलं तर उठणार."

ही पोकळ धमकी नव्हती. नवं नाटक आवडलं नाही की आबा काठी आपटत उठायचे आणि जुने रसिक त्यांच्या मागोमाग बाहेर पडायचे. असे काही प्रयोग त्यांनी आडवे केलेले मी पाहिले होते. मंडळाला काळजी नाटकाची होती. मला, खरं सांगायचं तर, आबांनी आपल्याला शेवटपर्यंत बघावं एवढंच हवं होतं.

एकदा मी घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, तो शेवटचा प्रवेश करून बघत होते. आबा वर्तमानपत्राआडून पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"हे काय? एस्टी धराय निघाल्यागत? बाईगत चाल की जरा!"

"आबा, मी बाईच आहे."

"मग दिसू दे की!"

आणि त्यांनी धोतराचा सोगा पदरासारखा खांद्यावर घेतला. पाऊल आधी टेकायचं, वजन मागून द्यायचं. वळताना आधी खांदा, मग मान, नजर सगळ्यात शेवटी. पांढऱ्या मिशांचे माझे आबा सोप्यातून दारापर्यंत गेले आणि माझ्यापेक्षा तेच जास्त बाई दिसले. मला त्याचा चक्क राग आला. आई चूल सोडून हसायला बाहेर आली होती.

दिग्दर्शक म्हणाले, जुनं काही नको, सहज चाला. मी दोघांचंही पुरतं ऐकलं नाही. आबांच्या चालण्यात एक लाज होती, नजर पायांशी घोटाळायची. मी वजन ठेवलं, खांदा ठेवला, लाज तेवढी काढून टाकली.

जुनं नाटक दणक्यात झालं. दुसऱ्या दिवशीही नाट्यगृह भरलेलं होतं आणि तिसऱ्या रांगेत आबा होते. शेवटचा प्रवेश आला. पेटी वाजली, मी तोंड उघडलं, मिटलं आणि निघाले.

"ओ बाई, गाणं म्हणा की!" मागून कुणीतरी ओरडलं. लगेच दुसरा, "वन्समोअर!" न म्हटलेल्या गाण्याला वन्समोअर फक्त आमच्याच गावात मिळू शकतो. हशा पिकला. आणि तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला.

आबा उठून उभे राहिले होते. मी रंगमंचाच्या मधोमध थांबले. संपलं, असं वाटलं.

"गप बसा की रं!" आबा मागे वळून गरजले. "चालतीया न्हवं ती? बघा तिकडं!"

नाट्यगृह चिडीचूप झालं. मी पाऊल टेकवलं, मागून वजन दिलं. खांदा, मान, मग नजर, थेट दाराकडे. विंगेत पोचले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि मी पदर तोंडात धरून रडत होते.

घरी आल्यावर आबा जेवले आणि काठी कोपऱ्यात ठेवून झोपले. 

सकाळी शाळेला निघाले तर कोपऱ्यावरच्या पानपट्टीसमोर ही गर्दी. मधोमध आबा. काठी कुणाच्या तरी हातात दिलेली, सोगा खांद्यावर.

"हे माझं," म्हणत ते लाजत, नजर पायांशी ठेवून चालले. लोकांनी वा वा केलं. मग आबा थांबले. मान ताठ केली.

"आन् हे माझ्या लेकीचं."

भर रस्त्यात ते समोर नजर लावून चालले. सायकलवाले थांबले. शाळेची वेळ होत आली तरी मी कोपऱ्यावरच उभी राहिले.

"वन्समोअर!" कुणीतरी ओरडलं.

आबा पानपट्टीपाशी परत गेले आणि पुन्हा चालून दाखवलं ते माझंच.