मागच्या दाराचा कॅमेरा

लहानपणी तिने शेजारच्यांच्या दारावरची बेल खोलली होती. बेल कशी वाजते हे तिला कळलं, पण ती बेल पुन्हा काही वाजली नाही आणि शेजारीण कित्येक दिवस तिच्या आईशी बोलली नाही. आत्याने तेव्हाच तिचं नाव उचापती ठेवलं. पुढे लग्न झालं, दिराच्या विजेच्या दुकानात बसून ती वायरिंग शिकली, कॅमेरे बसवायला लागली, तरी नाव सुटलं नाही. आता गिऱ्हाइकं उचापतीताई म्हणतात, एवढाच काय तो फरक.

तिच्या कामाची तऱ्हा वेगळी. गेल्या गेल्या पेचकस काढायचा नाही. आधी बसून बघायचं. काय बिघडलंय यापेक्षा कधी बिघडतं आणि तेव्हा आसपास कोण असतं, हे ती खोदून खोदून विचारते. गिऱ्हाईक वैतागतं. सासूबाई तर कौतुक आणि तक्रार एका दमात करतात, "आमची सून देवळात गेली तरी आधी घंटेचा खिळा बघेल."

एके दिवशी काचेच्या गोदामाच्या मालकीणबाईचा फोन आला, पण ती नीट बोलेना. ताई पोचली तेव्हा तिने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "पुढचे कॅमेरे नवे आहेत, ते ठीक चालतात. मागच्या दाराचा वडिलांच्या वेळचा आहे. सकाळभर चित्र येतं. दुपारी वॉचमनकाका कामावर आले की जातं. ते घरी गेले की परत येतं."

"रोज?"

"रोज. ज्या दिवशी त्यांची सुट्टी, त्या दिवशी कॅमेरा दिवसभर ठणठणीत. आणि समोरचा सुतार सांगतो, म्हातारा सारखा मागच्या दाराशी घुटमळत असतो. काकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय हो. पण कॅमेरा खोटं कशाला बोलेल? आज दुसरं कारण सापडलं नाही, तर उद्यापासून येऊ नका असं सांगणार आहे मी त्यांना." वाक्य संपेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते.

खरं सांगायचं तर ताईच्या अंगात उत्साह संचारला. माणसाच्या हजेरीवर रुसणारा कॅमेरा तिने आजवर पाहिला नव्हता. मग आपण कुणाच्या पोटावर पाय येण्याची गोष्ट ऐकतोय, हे ध्यानात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

कॅमेऱ्याची वायर तिने टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपली. उंदराने कुरतडलेली नव्हती. वीज पुरेशी येत होती. मग ती लॅपटॉप मांडीवर घेऊन मागच्या दाराशी, काचांच्या उभ्या तावांशेजारी, एका खोक्यावर बसली. प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर असतो. त्या नंबरावर लॅपटॉपमधून हाक मारली की यंत्र ओ देतं. कॅमेरा शहाण्यासारखा ओ देत होता, क्लाउडवर चित्रही स्वच्छ पोचत होतं.

दुपारी वॉचमनकाका आले. टोपी खुंटीला अडकवली, पुढच्या फाटकाशी स्टुलावर टेकले, गुडघे चोळले. कशालाही हात लावला नाही. ताई डोळ्यांत तेल घालून बघत होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत चित्र गेलं.

थोड्या वेळाने काका लंगडत मागे आले, दाराचं कुलूप ओढून पाहिलं, तिला बघून कसनुसं हसले आणि परत गेले.

ताई शिडीवर चढली. कॅमेऱ्याचा दिवा चालू होता. तिने लॅपटॉपवरून हाक मारली, तर ओ आली. चित्र नाही आणि ओ मात्र येते, हे काय गौडबंगाल? तिने कॅमेऱ्याची वायरच उपसून काढली आणि सवयीने पुन्हा हाक मारली.

ओ आली.

सुटलेली वायर तिच्या हातात लोंबत होती, कॅमेरा ठार बंद होता आणि त्याच्या नंबरावरून कुणीतरी खुशाल उत्तर देत होतं. ताई शिडीवरच खुदकन हसली. असं सुख तिला दागिन्यानेही झालं नसतं. इथे कॅमेऱ्याच्या नावावर दुसराच कुणीतरी जेवत होता!

ती खाली उतरली आणि फाटकाशी गेली. "काका, जरा रस्त्यापलीकडे, त्या सुताराच्या दुकानापुढून फेरी मारून येता का?"

काका बिचारे गेले. ताईने वायर आधीच परत खोचली होती. ते पलीकडे पोचले तसं चित्र हजर.

"काका, तुमचा मोबाइल बघू."

काकांचा चेहरा उतरला. "स्वस्तातला फोन आहे, ताई. त्यात काय बघायचं?"

"इथलं वाय-फाय आहे ना त्यात?"

काकांनी खिशावर हात ठेवला. मालकीणबाई मागे येऊन उभीच होती. तिने बजावून ठेवलं होतं, पासवर्ड मला विचारल्याखेरीज कुणाला द्यायचा नाही.

तेवढ्यात हिशेब बघणाऱ्या काकू चष्मा कपाळावर चढवत बाहेर आल्या. "त्यांना नका बोलू. पासवर्ड मी दिला. कॅमेऱ्याचं ॲपही मीच घालून दिलं. गुडघ्यांनी बेजार झालेत. म्हटलं, मागचं दार इथे बसल्या बसल्या बघतील, सारखी चक्कर नको."

ताईने कपाळाला हात लावला. मग तिने सगळं समजावून सांगितलं. मागच्या कॅमेऱ्याला तो नंबर पूर्वी कुणीतरी हाताने देऊन ठेवला होता. पुढच्या कॅमेऱ्यांबरोबर आलेल्या नव्या राउटरला, म्हणजे वाय-फायच्या पेटीला, त्याचा पत्ताच नाही. दारात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर मोकळा दिसेल तो नंबर देऊन टाकतो, आणि काकांच्या मोबाइलला दर वेळी नेमका तोच मिळायचा. मग कॅमेऱ्यासाठी आलेले निरोप मोबाइलकडे जायचे आणि कॅमेरा पडायचा एकटा. मोबाइल वाय-फायच्या टप्प्याबाहेर गेला की नंबर परत कॅमेऱ्याचा. तिने कॅमेऱ्याला वेगळा नंबर दिला, तो राउटरलाही सांगून ठेवला. काका फाटकाशी असतानाच चित्र आलं, आणि आलं ते राहिलंच.

मालकीणबाई अजून काकांकडेच बघत होती. "चित्र दिसत नव्हतं, तर मला विचारायचं नाही का?"

"काय विचारणार?" काका म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला कळलं आणि तुम्हीच माझ्या फोनवरचं बंद केलंत. तुम्ही बोलतही नव्हतात माझ्याशी."

"मग मागे सारखे कशाला जात होतात?"

"दिसत नव्हतं म्हणून. दार तर बघायला हवंच ना."

ताई मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिली. संध्याकाळी ती निघाली, तेव्हा मालकीणबाई फाटकाशी काकांजवळ उभी होती.

"उद्या या हं, काका."

काका गोंधळून तिच्याकडे बघायला लागले. "म्हणजे? येणारच की."