भिंतीवर मी, दोर बायकोच्या हातात

रविवारी सकाळी मी एका भिंतीला पालीसारखा चिकटलो होतो आणि रडायचाच काय तो बाकी होतो. वय चोपन्न. ठिकाण व्हाइटफील्डकडची एक क्लाइंबिंग जिम... आणि माझा दोर बायकोच्या हातात!

मागचं थोडं सांगायला हवं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी पंखा पुसायला स्टुलावर चढलो होतो. आमचं चामराजपेटचं घर जुनं, छत उंच, स्टूल डुगडुगतं. सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., ते धरून उभी होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि "अय्यो, दूध!" करत ती पळाली... मी थेट फरशीवर. मनगट मोडलं.

हाड जुळलं, पण भीती बसली ती बसलीच. नंतर मी गच्चीच्या लोखंडी जिन्यावरसुद्धा पाय ठेवला नाही. टाकी बघायला सुनंदाच वर जाते आणि मी खालून टोमणे मारतो. तिनं काही धरलं की माझं ठरलेलं, "दूध बघून आलीस ना?" आधी ती हसायची. मग हसायची बंद झाली.

गेले काही महिने ती शनिवारी कुठंतरी जायची. मला वाटलं, झुंबा असेल. परवा म्हणाली, "चला माझ्याबरोबर, स्वल्प काम आहे." मेट्रोतून उतरेपर्यंत पत्ता लागू दिला नाही. जिममध्ये शिरलो तर जो तो तिला "अक्का, अक्का" करतोय! खाली उभं राहून दुसऱ्याचा दोर सांभाळायला शिकली होती. त्याची परीक्षाही पास झाली होती बाई.

तिथली पद्धत अशी, की दोघांच्या कमरेला पट्टे. माझ्या पट्ट्याला बांधलेला दोर वरच्या कडीतून फिरून तिच्याकडे येतो. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं सगळं तपासायचं. तिनं माझी गाठ तीनदा ओढून बघितली... लग्नातली गाठसुद्धा कुणी इतकी तपासली नव्हती.

मग तिथल्या कोचनं, काव्यानं, सुनंदाच्या पट्ट्याला जमिनीवरचं वाळूचं जड पोतं बांधलं. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, "अंकल, तुम्ही वजनदार. अक्का वर उडतील ना!"

परत फिरणार होतो. पण सुनंदा माझ्याकडे असं बघत होती, की नाही म्हणवेना.

चढलो. भिंतीवरच्या रंगीत खुंट्या धरत, देवाचं नाव घेत. अर्ध्यावर डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. तळहात घामानं निसरडे. कसाबसा वर पोचलो आणि वाटलं, सुटलो बुवा!

कसला सुटतोय... उतरायचं कसं, तर दोन्ही हात सोडून हवेत मागं बसायचं. खुर्चीत बसल्यासारखं. मी खुंट्या आणखीच घट्ट धरल्या. खालून काव्या ओरडतेय, "सोडा अंकल, सोडा!" पण बोटं ऐकेनात. खरं सांगतो, तेव्हा मला उंचीची भीती वाटत नव्हती. मला आमचं स्वयंपाकघर आठवत होतं. हिनं परत हात काढला तर? बस्, एवढीच भीती होती.

खालून सुनंदाचा आवाज आला, "अहो, मी इथंच आहे." तो आवाज कापत होता. म्हणजे तीही घाबरली होती... डोळे मिटले आणि सोडलं.

हातभर खाली गेलो, काळीज तोंडात आलं, आणि अडकलो. डोळे उघडून खाली बघतो तर सुनंदाचे पाय जमिनीवर नव्हते! पोत्याचा पट्टा ताणला गेलेला, बाई अधांतरी, चेहरा लालबुंद. पण दोन्ही हात दोरावर. घट्ट.

तिनं मला हळूहळू खाली आणलं. मी मॅटवर बसकण मारली. सवयीनं तोच टोमणा ओठांवर आला होता... गिळला. म्हटलं, "चुकलंच माझं, सुनंदा. वर्षभर बोलत राहिलो." ती नुसती माझी गाठ सोडवत बसली आणि डोळे पुसत राहिली.

आज सकाळी पंखा पुसायला काढला. स्टूल तेच, भीती काही कुठं गेलेली नाही. ती खाली धरून उभी. आणि नेमकं तेव्हाच आतून फस्स आवाज आला... दूध!

मी खाली बघितलं. ती हलली नाही. मान वर करून म्हणाली, "पुसा तुम्ही, सावकाश."

शेगडी मी घासली. आनंदानं.